मॅनेज्ड पीओई स्विच : एका केबलमधून वीज, माहिती आणि नियंत्रण

फाटकाच्या खांबावरचा कॅमेरा, टेबलावरचा आयपी फोन आणि मजल्यामजल्यावर वाय-फाय पुरवणारा ॲक्सेस पॉइंट या तिन्ही उपकरणांना दोन गोष्टी अखंड लागतात : माहितीची ये-जा करणारी जोडणी आणि वीज. या दोन्ही गोष्टी एकाच नेटवर्क केबलमधून पोचवण्याच्या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ किंवा व्यवहारात नुसते ‘पीओई’ म्हणतात, आणि माहितीबरोबर वीजही केबलमध्ये सोडणाऱ्या स्विचला पीओई स्विच म्हणतात. ज्या स्विचच्या प्रत्येक पोर्टचे वर्तन आधी ठरवून देता येते, चालू असताना तपासता येते आणि दुरून बदलता येते, तो मॅनेज्ड स्विच होय. खरेदीच्या यादीत पीओई आणि मॅनेज्ड हे दोन गुण शेजारी शेजारी पण सुटे लिहिलेले असतात, जणू एक घेतला काय आणि दुसरा सोडला काय, काहीच बिघडणार नाही. प्रत्यक्षात त्यांचे नाते फार घट्ट आहे. केबलमधून वीज जाऊ लागली की नेटवर्कचे टोक भिंतीवरच्या प्लगवर अवलंबून राहत नाही. ते जिन्याच्या छतावर, वाहनतळाच्या कोपऱ्यात, कारखान्याच्या कुंपणावर जाऊन बसते, आणि तेथे काही अडले तर त्या उपकरणापर्यंत पोचण्याचे हाताशी असलेले साधन स्विच हेच उरते.

स्विचचे मूळ काम तसे साधे आहे. इथरनेटवर माहिती ‘फ्रेम’ नावाच्या छोट्या तुकड्यांत विभागून पाठवली जाते, आणि प्रत्येक फ्रेमच्या माथ्यावर ती कोणाकडून आली आणि कोणाकडे जायची आहे हे सांगणारे ४८ बिटांचे दोन पत्ते असतात, ज्यांना मॅक पत्ते म्हणतात. कोणत्या पोर्टवरून कोणत्या पत्त्याची फ्रेम आली हे स्विच आपल्या तक्त्यात नोंदवत जातो आणि त्या तक्त्याच्या आधारे पुढची फ्रेम फक्त योग्य त्या पोर्टवर सोडतो; पत्ता ओळखीचा नसेल तर मात्र ती उरलेल्या सर्व पोर्टांवर पाठवतो. या कल्पनेवरचे पहिले व्यापारी यंत्र, ‘इथरस्विच’, १९९० साली अमेरिकेतील ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने बाजारात आणले. भारतीय वंशाचे अभियंते विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि १९९४ साली ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. त्याआधी वापरात असलेला ‘हब’ आलेला प्रत्येक संकेत सगळ्यांनाच ऐकवत असे, त्यामुळे उपकरणे वाढली की जाळ्याची गती सर्वांमध्ये वाटली जाऊन खालावत असे.

केबलमधून वीज नेण्याची रीत इथरनेटहून बरीच जुनी आहे. घरच्या दूरध्वनीला स्वतंत्र वीजजोडणी लागत नसे, कारण दूरध्वनी केंद्रात शिशाच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच असे आणि बोलणे वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडीतूनच ती वीज घरापर्यंत येत असे. गावाची वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही तो यामुळेच. कार्यालयातील फोन जेव्हा इथरनेटवर आले तेव्हा ही सोय एकदम नाहीशी झाली आणि प्रत्येक फोनमागे एक ॲडॅप्टर आला. ती परत मिळवण्याच्या गरजेतून २००० सालच्या सुमारास सिस्कोने स्वतःची पद्धत आणली, आणि २००३ साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने ‘८०२.३एएफ’ हे सर्वांसाठी समान असलेले मानक प्रसिद्ध केले. या मानकातील व्होल्टताही दूरध्वनीच्या परंपरेला धरूनच आहे : स्विचच्या टोकाशी किमान ४४ आणि कमाल ५७ व्होल्ट. वरची मर्यादा ५७ वर थांबते, कारण ६० व्होल्टपर्यंतची एकदिश वीज सुरक्षित अल्पदाबाच्या गटात मोडते आणि तिच्यासाठी घरगुती वायरिंगसारखी पाइपातली बंदिस्त व्यवस्था आवश्यक ठरत नाही.

एकाच तारेतून वीज आणि माहिती जात असताना त्यांची सरमिसळ का होत नाही, हा प्रश्न साहजिकच पडतो. नेटवर्क केबलमध्ये एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात, आणि माहिती कोणत्याही एका तारेत नसून जोडीतील दोन तारांच्या व्होल्टतेत जो फरक असतो त्यात असते. पीओईमध्ये एका जोडीच्या दोन्ही तारांवर सारखाच धन दाब आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांवर सारखाच ऋण दाब दिला जातो. दोन्ही तारा सारख्याच उंचावल्या किंवा सारख्याच खालावल्या की त्यांच्यातला फरक होता तसाच राहतो, म्हणून माहितीला धक्का लागत नाही. पोर्टच्या आत असलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला मधोमध फाटा काढून ही वीज आत सोडली जाते, दोन अर्ध्या वेटोळ्यांतून ती समान वाटली जाते आणि त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात. यातला ‘समान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर नीट दाबून बसवलेला नसेल आणि त्यामुळे एका तारेचा रोध दुसरीपेक्षा वाढला असेल, तर विजेची वाटणी विषम होते, ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो आणि माहितीत चुका येऊ लागतात. कॅमेरा चालू दिसतो पण चित्र अडखळते, या तक्रारीमागे अनेकदा एवढेसे कारण असते आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही, ही या मानकाची सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. पोर्टला केबल जोडली गेली की स्विच प्रथम २.८ ते १० व्होल्टच्या दरम्यानचा सौम्य दाब दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर देऊन पाहतो आणि पलीकडच्या उपकरणाचा रोध मोजतो. पीओईवर चालणाऱ्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. तो सापडला तरच पुढची पायरी घेतली जाते, अन्यथा पोर्ट निव्वळ माहितीपुरते चालते. साधा लॅपटॉप किंवा प्रिंटर पीओई पोर्टला जोडला तरी तो जळत नाही, याचे कारण हेच. पुढच्या पायरीत दाब १५.५ ते २०.५ व्होल्टपर्यंत वाढवला जातो आणि उपकरण किती प्रवाह खेचते यावरून त्याचा ‘वर्ग’ ठरतो, म्हणजे त्याला जास्तीत जास्त किती वॅट लागतील हे ते आधीच जाहीर करते. त्यानंतरच पूर्ण दाब येतो. वीज सुरू झाल्यावरही देखरेख थांबत नाही : उपकरणाने किमान ठरावीक प्रवाह घेणे चालू ठेवले पाहिजे, आणि तो थांबला तर अर्ध्या सेकंदाच्या आत पोर्टची वीज तोडली जाते, जेणेकरून कॅमेऱ्याची केबल काढून त्याच क्षणी दुसरे उपकरण लावले तरी त्यावर अचानक ४८ व्होल्ट जाऊन पडू नयेत.

बाजारात स्वस्तात मिळणारे ‘पॅसिव्ह पीओई’ म्हणजे ही सारी विचारपूस वगळून २४ किंवा ४८ व्होल्टचा दाब केबलवर सरळ सोडून देणारी व्यवस्था होय. काही बिनतारी रेडिओंसाठी ती मुद्दाम वापरली जाते आणि जाणकाराच्या हाती ती चालतेही, परंतु मानक पाळणारी आणि न पाळणारी उपकरणे एकाच रॅकमध्ये मिसळणे हा धोकाच आहे. तपशीलपत्रात नुसते ‘पीओई’ न पाहता ८०२.३एएफ, ८०२.३एटी किंवा ८०२.३बीटी यांपैकी एक नाव स्पष्ट लिहिले आहे का, हे म्हणूनच पाहावे लागते.

या तीन नावांमागची आकडेमोड समजून घेण्यासारखी आहे, कारण पीओईचे बहुतेक आकडे तारेच्या रोधातून जन्मलेले आहेत. २००३ च्या मानकानुसार स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, पण उपकरणाला १२.९५ वॅटच मिळण्याची हमी असते. मधले २.४५ वॅट जातात कोठे? इथरनेटच्या केबलची कमाल लांबी १०० मीटर असते, आणि त्या काळातील जुन्या प्रतीच्या तारांचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरला होता. ३५० मिलीअँपिअर प्रवाह त्यातून गेला की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने बरोबर २.४५ वॅट उष्णतेच्या रूपात तारेतच विरतात, आणि ७ व्होल्ट गळून ४४ चे ३७ होतात. उपकरणाला ३७ व्होल्टपासून पुढे चालता आले पाहिजे, ही अट त्यातूनच आली. २००९ च्या ८०२.३एटी मानकाने, ज्याला ‘पीओई प्लस’ म्हणतात, किमान ‘कॅट ५’ प्रतीची केबल गृहीत धरून रोध १२.५ ओहमवर आणला आणि प्रवाह ६०० मिलीअँपिअरपर्यंत वाढवला. तेथे तारेत ४.५ वॅट जातात, म्हणून स्विचकडचे ३० वॅट उपकरणापाशी २५.५ उरतात. प्रवाह दुपटीहून कमी वाढला, पण वाया जाणारी उष्णता रोध घटूनही जवळपास दुप्पट झाली, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०१८ च्या ८०२.३बीटी मानकाने याच अडचणीतून वाट काढली. दोनऐवजी चारही जोड्यांतून वीज नेल्याने प्रत्येक तारेवरचा भार हलका राहून पोर्टमागे ६० आणि ९० वॅट देणे शक्य झाले, ज्यांतील अनुक्रमे ५१ आणि ७१.३ वॅट उपकरणाला मिळतात. वळणारा मोठा कॅमेरा, अनेक रेडिओ असलेला ॲक्सेस पॉइंट, व्हिडिओ बैठकीचा पडदा, काही ठिकाणी इमारतीतले एलईडी दिवेसुद्धा आता या केबलवर चालतात.

तथापि एका पोर्टला किती वॅट मिळू शकतात या आकड्यापेक्षा सर्व पोर्टांना मिळून किती मिळू शकतात हा आकडा अधिक निर्णायक असतो, आणि नेमका तोच खरेदीच्या वेळी दुर्लक्षिला जातो. याला ‘पॉवर बजेट’ म्हणतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट १००० या मालिकेचे उदाहरण पाहता येईल. तीत २४ पीओई पोर्टांचे स्विच दोन प्रकारांत मिळतात. प्रत्येक पोर्ट ३० वॅटपर्यंत देऊ शकते असे दोन्हींच्या पत्रकात लिहिलेले असते, परंतु एकाचे पॉवर बजेट १९५ वॅट आणि दुसऱ्याचे ३७० वॅट असते. समोरच्या बाजूने दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. ३७० हा आकडा सहज निवडलेला नाही : २४ पोर्टांना प्रत्येकी १५.४ वॅट द्यायचे तर ३६९.६ वॅट लागतात, म्हणजे जुन्या मानकाची पूर्ण वीज सर्व पोर्टांना एकाच वेळी पुरवणारे हे बजेट आहे. ४८ पोर्टांच्या मोठ्या भावंडात ते दुप्पट, ७४० वॅट होते. सर्व २४ पोर्टांना ३० वॅट द्यायचे तर ७२० वॅट हवेत, आणि तितके बहुतेक स्विच देत नाहीत, कारण सर्व उपकरणे एकाच वेळी कमाल वीज घेतील असे सहसा होत नाही.

‘सहसा’ या शब्दावर किती विसंबायचे, हा मात्र खरा प्रश्न आहे. १९५ वॅटच्या स्विचवर २४ कॅमेरे लावले आणि दिवसा प्रत्येकी ५ वॅट घेत असले, तर एकूण १२० वॅट होतात आणि सारे सुरळीत चालते. संध्याकाळी उजेड कमी होताच कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे आपोआप लागतात. प्रत्येकाची गरज १० वॅट झाली की मागणी २४० वर जाते आणि स्विचला काही पोर्ट बंद करावीच लागतात. पहारा जेव्हा सर्वाधिक हवा तेव्हाच काही चित्रे काळी पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला आलेल्या माणसाला सगळे ठीक दिसते. काही स्विच ही वेळ येऊच नये म्हणून प्रत्यक्ष वापर न पाहता जाहीर केलेल्या वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात. तसे केले तर १५.४ वॅटच्या वर्गातील १२ कॅमेऱ्यांनंतर तेरावा सुरूच होत नाही. हा कठोरपणा पहिल्या दिवशी खटकतो, पण दोष पहिल्या दिवशीच उघड करतो, आणि सुरक्षेच्या कामात तीच पद्धत श्रेयस्कर मानली पाहिजे.

व्यवस्थापनाचा खरा कस येथे लागतो. मॅनेज्ड स्विचवर प्रत्येक पोर्टला विजेचा अग्रक्रम देता येतो, म्हणजे टंचाई आली तर कोणते आधी बंद करायचे आणि कोणते अखेरपर्यंत चालू ठेवायचे हे माणूस शांतपणे आधी ठरवू शकतो. असा काही निर्णय दिलेला नसेल तर अनेक स्विच पोर्टच्या क्रमांकावरून ठरवतात आणि फाटकाचा कॅमेरा केवळ तेविसाव्या पोर्टला लावला गेल्यामुळे बंद पडतो. ‘एलएलडीपी’ या शेजारी उपकरणांच्या परस्परपरिचयाच्या प्रोटोकॉलद्वारे स्विच आणि उपकरण वॅटच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी मागणी ठरवू शकतात, त्यामुळे वर्गाच्या ढोबळ राखीव साठ्यातून बरीच वीज मोकळी होते. कोणते पोर्ट आत्ता किती वॅट घेत आहे हे पडद्यावर दिसते. अडून बसलेल्या कॅमेऱ्याची वीज दुरून तोडून पुन्हा देता येते, आणि काही स्विच तर कॅमेऱ्याला ठरावीक अंतराने हाक घालून प्रतिसाद न आल्यास हे काम आपणहून करतात. पंधरा मीटर उंचीच्या खांबावर शिडी लावण्याचे काम त्यामुळे वाचते. रात्री रिकाम्या राहणाऱ्या कार्यालयाचे ॲक्सेस पॉइंट वेळापत्रकाने बंद ठेवणे, किंवा स्विचचे सॉफ्टवेअर बदलून तो पुन्हा सुरू होत असतानाही पोर्टांची वीज न तोडणे, या सोयीही चांगल्या स्विचमध्ये आढळतात.

एका जागी आलेली ही वीज बॅटरीवर टेकवणे सोपे जाते, आणि वीजपुरवठा खंडित होणे नेहमीचे आहे अशा महाराष्ट्रातील गावांसाठी आणि औद्योगिक वसाहतींसाठी हा पीओईचा कदाचित सर्वांत मोठा लाभ आहे. वीस ठिकाणी वीस छोटे यूपीएस ठेवण्याऐवजी रॅकमध्ये एकच पुरेसा यूपीएस ठेवला की सर्व कॅमेरे आणि फोन जिवंत राहतात. दूरध्वनी केंद्रातील बॅटरीची जुनी सोय अशा रीतीने इमारतीच्या पातळीवर पुन्हा मिळते. मात्र यूपीएसची क्षमता ठरवताना स्विचचा स्वतःचा खप आणि पीओईचा खप दोन्ही जमेस धरावे लागतात. उष्णतेचा हिशेब याहून वेगळा असतो : ३७० वॅटपैकी बहुतांश वीज दूरच्या उपकरणांत खर्च होते, त्यामुळे स्विचच्या खोलीत मुख्यतः रूपांतरातील तूट आणि स्विचचा स्वतःचा खप एवढीच उष्णता साठते. कार्यालयीन स्विच साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीच्या जिन्याखालच्या बंद पत्र्याच्या पेटीत ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाऊ शकते, आणि अशा जागी उणे ४० ते ७५ अंशांपर्यंत टिकणारे, पंखा नसलेले औद्योगिक स्विच महाग असले तरी तेच घ्यावेत.

केबलकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण वर मांडलेली सर्व आकडेमोड तांब्याची तार गृहीत धरते. बाजारात ‘सीसीए’ नावाने जी स्वस्त केबल मिळते तिच्यात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने व्होल्टता तितकीच अधिक गळते, तार अधिक तापते, आणि ठिसूळपणामुळे कनेक्टरमधली पकड काळाने सैल होते. माहितीपुरती ती काही दिवस निभावते. वीज वाहू लागली की तिचे दोष उघडे पडतात. ९० वॅटच्या केबलींची जाड मोळी बांधली तर आतल्या केबलींची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून मोळ्या लहान ठेवतात. उघड्यावरच्या केबलला विजांचाही धोका असतो : कोकणात आणि घाटमाथ्यावर वळवाच्या गडगडाटात जवळपास पडलेली वीज प्रत्यक्ष न शिवताही केबलमध्ये दाबाची लाट निर्माण करते, आणि तिला जमिनीत वाट करून देणारे सर्ज संरक्षक आणि चांगले अर्थिंग नसेल तर सगळा स्विच एका क्षणात निकामी होतो. पोर्टवर ६ किलोव्होल्टचे संरक्षण असल्याचे पत्रकात छापलेले असले, तरी अर्थिंगच नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता माहितीच्या बाजूचे व्यवस्थापन. त्यातील सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे ‘व्हीलॅन’, म्हणजे एकाच स्विचच्या पोर्टांची एकमेकांना न दिसणाऱ्या स्वतंत्र जाळ्यांत केलेली विभागणी. ‘८०२.१क्यू’ या मानकानुसार प्रत्येक फ्रेममध्ये ४ बाइटांची चिठ्ठी घातली जाते आणि तीतील १२ बिट ती फ्रेम कोणत्या जाळ्याची आहे हे सांगतात. १२ बिटांतून ४०९६ क्रमांक होतात, त्यांतले पहिला आणि शेवटचा राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. रुग्णालयात कॅमेरे एका व्हीलॅनवर, फोन दुसऱ्यावर, रुग्णांच्या नोंदी तिसऱ्यावर आणि नातेवाइकांचे वाय-फाय चौथ्यावर ठेवले, तर एका जाळ्यातला बिघाड किंवा घुसखोरी दुसऱ्यात सहज पसरत नाही. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते. कॅमेरा हा लहानसा संगणकच आहे आणि त्याला हिशेबाच्या संगणकाशेजारी बसवू नये, हे त्या घटनेतून जगाला दिसले.

पीओईमुळे आणखी एक धोका निर्माण होतो, ज्याचा विचार क्वचितच केला जातो. कॅमेऱ्यामागची केबल कुंपणावर, म्हणजे इमारतीच्या बाहेर असते. ती काढून कोणी लॅपटॉप लावला तर तो थेट आतल्या जाळ्यात पोचतो. अनमॅनेज्ड स्विचकडे यावर उत्तर नसते. मॅनेज्ड स्विचमध्ये ते पोर्ट एकाच मॅक पत्त्याशी बांधता येते, आणि मॅक पत्त्याची नक्कल करणे शक्य असल्याने त्याहून भक्कम अशी ‘८०२.१एक्स’ पद्धत वापरता येते, जिच्यात उपकरणाने आपले प्रमाणपत्र किंवा पासवर्ड मध्यवर्ती सर्व्हरला दाखवल्याशिवाय पोर्ट उघडतच नाही.

दुसरे संकट अंतर्गत असते. दोन स्विचांमध्ये चुकून दोन केबली जोडल्या गेल्या की वर्तुळ तयार होते, आणि इथरनेटच्या फ्रेममध्ये तिचे आयुष्य मोजणारा कोणताही रकाना नसल्याने सर्वांसाठी काढलेली एक फ्रेम त्या वर्तुळात न थांबता फिरत आणि वाढत राहते. काही सेकंदांत सारे जाळे ठप्प होते. यावरचा उपाय, ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’, रॅडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ स्त्रीने १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना तयार केला. स्विच आपापसांत संदेश पाठवून एकाला मूळ मानतात, त्याच्यापर्यंतचे सर्वांत जवळचे मार्ग चालू ठेवतात आणि उरलेले झाकून ठेवतात. चालू मार्ग तुटला की झाकलेला मार्ग उघडतो. मूळ प्रोटोकॉलला त्यासाठी ३० ते ५० सेकंद लागत, २००१ च्या ‘रॅपिड’ आवृत्तीला त्याचा थोडासा अंश पुरतो. हे बुद्धिमान साधन बहुतेक मॅनेज्ड स्विचांत आज निमूटपणे चालू असते.

उरलेल्या सोयींची नावे लांबलचक असली तरी कामे सरळ आहेत. ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’मध्ये व्हीलॅनच्याच चिठ्ठीतील ३ बिटांवरून फ्रेमला आठपैकी एक अग्रक्रम मिळतो, त्यामुळे फाइल उतरत असतानाही फोनवरचा आवाज तुटत नाही. ‘आयजीएमपी स्नूपिंग’ एका कॅमेऱ्याचे अनेकांसाठी निघालेले चित्र फक्त मागणाऱ्यांनाच पोचवते. ‘लिंक ॲग्रिगेशन’ दोन-चार केबलींना मिळून एक मोठा मार्ग मानते. ‘एसएनएमपी’मुळे शेकडो स्विचांची प्रकृती एका पडद्यावर पाहता येते, मात्र त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो, म्हणून तिसरी आवृत्ती हवी, आणि स्विचला दुरून आज्ञा देण्यासाठी मजकूर तसाच उघडा पाठवणाऱ्या टेलनेटऐवजी तो सांकेतिक करून पाठवणारे एसएसएच हवे.

तपशीलपत्रात ठळक अक्षरांत छापलेला ‘स्विचिंग कपॅसिटी’चा आकडा आता वाचता येतो. कॅटॅलिस्ट १००० च्या २४ पोर्टांच्या स्विचला मुख्य जाळ्याकडे वर जोडणीसाठी १० गिगाबिटच्या चार ‘एसएफपी प्लस’ खाचा असतील, तर एकेक गिगाबिटच्या पोर्टांचे २४ आणि खाचांचे ४० मिळून ६४ गिगाबिट होतात, आणि येणे-जाणे दोन्ही मोजून १२८. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची असते, तिच्याआधीचे ८ आणि नंतरच्या विरामाचे १२ बाइट धरले की ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट होतात. एक गिगाबिटला ६७२ ने भागले की सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येतात, आणि ६४ गिगाबिटांसाठी सुमारे ९ कोटी ५२ लाख. पत्रकातले क्षमतेचा आणि सेकंदाला जाणाऱ्या फ्रेमचा असे दोन्ही आकडे या हिशेबाशी जुळले तर स्विच सर्व पोर्टांवर एकाच वेळी पूर्ण वेगाने काम करू शकतो. आजचे बहुतेक गिगाबिट स्विच ही परीक्षा उत्तीर्ण होतात, म्हणून निवडीसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. त्याहून उपयोगी प्रश्न वर जाणाऱ्या खाचांचा आहे : २४ ॲक्सेस पॉइंटांची वाहतूक एकाच गिगाबिटच्या मार्गातून वर न्यायची असेल तर आतली सारी क्षमता वाया जाते. नव्या वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटला एक गिगाबिटही अपुरे पडू लागल्याने २०१६ च्या ‘८०२.३बीझेड’ मानकाने जुन्याच केबलवर २.५ आणि ५ गिगाबिटची सोय केली, आणि अशी पोर्ट असलेले स्विच बहुधा अधिक वॅटही देतात, कारण अधिक वेगाचा रेडिओ अधिक वीज मागतो.

दोन इमारतींमधले अंतर १०० मीटरहून अधिक असेल तेव्हा याच खाचांत प्रकाशतंतूचे मॉड्यूल बसवतात आणि एकपदरी तंतूवर १० किलोमीटरपर्यंत सहज पोचतात. काचेतून वीज जात नाही, म्हणून दूरच्या टोकाला वीज असलेला आणखी एक पीओई स्विच ठेवावाच लागतो. मात्र त्याच कारणाने पावसाळी विजांची लाटही एका इमारतीतून दुसरीत जात नाही, आणि उघड्या मैदानातून ५० मीटर अंतर असले तरी तांब्याऐवजी तंतूच टाकण्याचा आग्रह अनुभवी तंत्रज्ञ धरतात. काही स्विचांवर ‘२५० मीटर’ असे बटण असते. ते दाबले की पोर्टचा वेग १० मेगाबिटवर उतरतो, मानकाची हमी संपते आणि तारेतली गळती अडीचपट होते. एका साध्या कॅमेऱ्याला ते चालून जाईल, परंतु नवी जोडणी आखताना त्यावर विसंबू नये.